सत्त्याण्णव गुणांची नापास

नूतन खवणेकरला देवखोलात कोणी पोहायला शिकवलं नव्हतं, आणि शेहेचाळीसाव्या वर्षी तिला पाण्यातलं कोणी काही शिकवायला जाईल, असं गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बंदराच्या दक्षिणेला काळे खडक आहेत. त्यांच्या पायथ्याशी, दोन-तीन माणूस उंचीच्या पाण्याखाली, शिनाणे मिळतात. हिरव्या पाठीच्या मोठ्या शिंपल्या. नूतन एक श्वास घेऊन खाली जायची, पटाशीनं खडक खरवडून जाळीची पिशवी भरायची आणि वर थांबलेल्या बायका आता काही खरं नाही असं म्हणायच्या बेतात आल्या की डोकं बाहेर काढून खो खो हसायची. दोन मिनिटं म्हणजे तिच्या हातचा मळ. तिच्या श्वासाचं कौतुक लग्नाकार्यात पाहुण्यांना सांगितलं जायचं, आणि ती स्वतःही ते दोनदा ऐकून घ्यायची.

त्यामुळे पाणबुड्यांच्या परीक्षेत तिला सत्त्याण्णव गुण पडले तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिला नापास केलं तेव्हा. आणि नापास करणारी परकी कुणी नव्हती, तिच्या पोटची पोर होती.

झालं होतं असं. समुद्राचं पाणी तापून तापून देवखोलसमोरचं प्रवाळ पांढरं पडत चाललं होतं. उष्णता सोसणाऱ्या जातीच्या प्रवाळाचे तुकडे बारा मीटर खोल तळाशी नव्यानं लावायचे, असा सरकारी प्रकल्प आला. काम रोपलावणीसारखंच, फक्त चिखलाऐवजी समुद्राचा तळ. शिनाणे काढणाऱ्या बायकांच्या गटाला ते मिळणार होतं, नूतन गटाची प्रमुख होणार होती. पण एका श्वासात एक तुकडा लागतो, हजार लावायचे तर पाठीवर सिलिंडर हवा, आणि सिलिंडर घ्यायचा तर पाणबुड्याचं कार्ड हवं. खडकावरचे शिनाणे दर वर्षी आटत होते. हे काम हातचं गेलं तर गटातल्या निम्म्या बायका शहरात घरकामाला जाणार, हे नूतनला स्वच्छ दिसत होतं.

पूर्वी हे कार्ड मिळवायला चार दिवस लागत. एक शिक्षक, चार शिकाऊ, आणि शिक्षकाचा डोळा सतत त्यांच्या डोळ्यावर. मग सखी आली. सखी म्हणजे मास्कच्या पट्ट्यात बसणारं सुपारीएवढं यंत्र. ते हृदयाचे ठोके मोजतं, श्वास मोजतं, डोळ्याची बाहुली किती विस्फारली ते बघतं आणि माणूस घाबरणार आहे हे त्या माणसाच्या आधी ओळखतं. मग कानामागच्या हाडातून गोड आवाजात समजूत घालतं, अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमधली हवा कमीजास्त करून माणसाला जागच्या जागी तरंगत ठेवतं, फारच झालं तर सावकाश वर आणतं. लाखो पर्यटकांच्या बुड्यांवर ते शिकून तयार झालं होतं. पाण्याखाली माणसं मरतात ती बहुतेक घाबरून, आणि सखीनं घाबरणंच थांबवलं. अपघात कमी झाले, हे तिच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. चार दिवसांचं शिक्षण दीड दिवसावर आलं, एका शिक्षकाच्या हाताखाली वीस माणसं आली, आणि शिक्षक बोटीवर ताडपत्रीखाली बसून पडद्यावरचे आकडे बघत चहा पिऊ लागले.

सत्तर गुणांच्या वर मिळाले की कार्ड. शिक्षकाची मान्यता लागायची, पण ती नावापुरती. सखीचं आणि शिक्षकाचं जमलं नाही तर शिक्षकाचा शब्द अखेरचा, असा नियम होता खरा. पण तो वापरणाऱ्या शिक्षकाला चौकशीला तोंड द्यावं लागे. त्यामुळे सगळ्यांचंच सखीशी उत्तम जमत होतं.

फक्त सलोनी अजून पाण्यात उतरायची. नूतनची ही एकुलती एक मुलगी देवखोलातली एकमेव शिक्षक होती आणि हट्टीपणात आईवर गेली होती.

परीक्षेच्या दिवशी नूतन वर आली तेव्हा कानामागे सखी म्हणाली, "अभिनंदन, नूतनताई. सत्त्याण्णव गुण. आपण अतिशय शांत आहात." बोटीवर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेजारी सलोनीचं डोकं वर आलं. तिनं मास्क कपाळावर सरकवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"नापास," ती म्हणाली.

नूतनला आधी थट्टा वाटली. "कसली नापास? सखी काय म्हणता आयकलंस?"

"माका सखीचा काय सांगू नको. वर येताना तुझे बुडबुडे बंद झाले. तू श्वास धरलंस."

"मगे? पाण्यात श्वास धरूचो नाय तर काय करूचा?"

बायका हसल्या. सलोनी हसली नाही. ती शिडी धरून बोटीत चढली आणि सगळ्यांसमोर पडद्यावर आपली अमान्यता नोंदवून मोकळी झाली. नूतनला चारचौघीत कानफटात बसल्यासारखं झालं.

घरी आल्यावर सलोनीनं डब्यातून बटाट्याच्या वेफर्सचं न फोडलेलं पाकीट काढलं आणि आईसमोर ठेवलं.

"आंबोलीच्या घाटात गाडी चढली काय ह्या पाकिटाचा काय होता?"

"फुगता," नूतन घुश्शातच म्हणाली.

"कित्याक? आत हवा तितकीच आसा. वर बाहेरचो दाब कमी होता, म्हणान आतली हवा पसरता. आता पाण्याचा बघ. धा मीटर खाली दाब दुप्पट. थय सिलिंडरमधसून तू छाती भरून हवा घेतलंस, ती दाबलेली हवा. ती तशीच कोंडून तू वर इलंस तर इथे पोचासर तिची दोन छात्या हवा होतली. ती खय जातली? तुझी छाती फाडून जातली."

"मिया तीस वर्सा वर येतंय. एकदा तरी फाटली?"

"तू वरसून हवा घेऊन खाली जायस! ती खाली आकसायची, वर येताना होती तितकीच व्हायची. कुणीच तुका फुगवूक नव्हता. सिलिंडर लावलंस काय सगळा उलटा होता. थय पयलो नियमच तो, श्वास कधी म्हणान धरूचो नाय."

नूतननं पाकीट उचलून परत डब्यात टाकलं. पोरीचं म्हणणं तिला कळलं नाही असं नाही. पण कळणं निराळं आणि पटणं निराळं. जी गोष्ट आयुष्यभर कौतुकाची, तीच आता गुन्हा म्हणून पदरात पडत होती.

"मगे तुझी ती सखी सत्त्याण्णव कित्याक देता?"

"तिका तुझ्यासारखी बाई कधी गावलीच नाय म्हणान." सलोनी खाली बसली. तिनं समजावून सांगितलं ते असं. पाण्यात तोंड घालून श्वास धरला की माणसाच्या हृदयाचे ठोके आपोआप मंद होतात; सीलमाशालाही होतात, माणसालाही होतात, आणि ज्याला सवय आहे त्याला फारच होतात. सखी शिकली ती पर्यटकांवर. त्यांच्यात संकट म्हणजे धडधडणारं हृदय आणि भराभर चालणारा श्वास. नूतनचं हृदय मंद, दोन श्वासांमध्ये मोठी विश्रांती, हवेचा खर्च नाममात्र. सखीच्या हिशेबी ही आदर्श पाणबुडी. तिचा गळा आतून बंद आहे की उघडा, हे पाहायला सखीकडे काही साधनच नव्हतं.

"म्हंजे तुझी आवस मशीनक फसवता, असा म्हणणा तुझा."

"माझा म्हणणा, तू मरतलंस." सलोनीचा आवाज एकदम चिरकला. "लहानपणी तू माका खडकार बसवन खाली जायस. मिया तुझ्याबरोबर श्वास धरून बसायचंय. माझो संपायचो, परत घ्यायचंय, तोय संपायचो, आणि तू वर येयसच नाय. तुझा काय दिसा नाय, काय आयकाक येय नाय. तू हसत येयस, आणि सगळी म्हणत, काय तिचो दम! माका हसाक येय नाय, आई. कधीच इला नाय."

हे नूतनला नवं होतं. पण राग मोठा वाईट. तो चांगलं बोलणंही आत येऊ देत नाही. ती म्हणाली, "दिगूच्या केंद्रात जातंय मी. थय आवशीक नापास करणारा चेडू नाय."

दिगंबर सारंग यांचं केंद्र पुढच्या बंदरात होतं. माणूस वाईट नव्हता. सखीवर विश्वास ठेवणारा, इतकंच. नूतन पुढच्या आठवड्यात जाणार होती. तिच्या आधी तिची मैत्रीण संचिता जाऊन आली. दोघी परकर नेसायच्या वयापासून एका खडकावर. संचिताला अठ्ठ्याण्णव गुण पडले. एक गुण जास्त पडल्याचं तिनं नूतनला तीनदा ऐकवलं, कार्ड देवापुढे ठेवलं आणि सोमवारी प्रवाळ लावायला गेली.

पहिलाच दिवस, पहिलीच बुडी. बारा मीटरवरून सखीनं तिला अगदी हळू, नियमाप्रमाणे वर आणलं. सखीच्या दृष्टीनं सगळं यथासांग चाललं होतं. शेवटच्या पाच मीटरमध्ये संचितानं तीस वर्षांच्या सवयीनं छाती भरून घेतली आणि गळा मिटला. बोटीला हात लावला तेव्हा ती खोकली, आणि तोंडातून गुलाबी फेस आला.

जिल्ह्याच्या इस्पितळात नूतन पोचली तेव्हा संचिता प्राणवायूच्या नळीखाली होती. वाचणार होती, असं डॉक्टर म्हणत होते. बोलताना तिचा आवाज कोंबडीसारखा बारीक झाला होता.

"हात लाव," तिनं गळ्याकडे बोट केलं.

नूतननं हात लावला. गळ्याच्या कातडीखाली बोटांना काहीतरी कुरकुरलं, भाजलेला पोह्याचा पापड दाबावा तसं. फुप्फुस फाटून निघालेली हवा मानेपर्यंत चढून कातडीखाली अडकली होती. नूतननं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सलोनीच्या तोंडून जे पटलं नव्हतं ते बोटांना पटलं.

बाहेरच्या बाकावर सलोनी बसली होती. संचिताच्या सखीत नोंदलं गेलेलं तिनं सगळं ऐकलं होतं. अगदी शेवटपर्यंत ते यंत्र गोड आवाजात म्हणत होतं, "उत्तम. आपण शांत आहात." सलोनीनं यंत्र बनवणाऱ्यांना फोन केला होता. माणसं भली होती, घाबरलीही होती. पण त्यांचं म्हणणं, श्वास धरणाऱ्या बायकांच्या बुड्या आमच्याकडे नाहीतच. त्या मिळाल्याशिवाय सखीला फरक कसा शिकवायचा?

नूतन तिच्या शेजारी बसली. तिला माफी मागता येत नसे, आणि आजही आली नाही.

"माका शिकव," ती म्हणाली. "पयल्यापासून. काय येणा नाय असा समजान."

सलोनीनं तिच्याकडे पाहिलं. "खूप दिवस लागतले."

"लागूंदेत. कार्ड घेतल्याशिवाय मी सोडूचंय नाय. आणि छाती फोडून घेऊन तर नायच नाय."

मग सुरू झालं ते शिक्षण बघायला निम्मं गाव धक्क्यावर जमायचं. देवखोलची पाण्यातली राणी कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून श्वास घ्यायला शिकत होती! नूतन लाज कोळून प्यायली. श्वास आत, श्वास बाहेर, थांबायचं नाही. लहान पोरालाही येईल अशी गोष्ट, पण तिला जमेना. तोंड पाण्याखाली गेलं की गळा आपोआप मिटे. तो तिला विचारत नसे, जशी डोळ्याची पापणी विचारत नाही. नेहमीच्या श्वासाचं तिनं आठवड्याभरात जमवलं. हाताशी काम दिलं, शंख उचल, दोरी बांध, की तेही विसरायची, पुन्हा पहिल्यापासून. दूर बोटीवर कामाला असलेला नवरा फोन करून विचारायचा, तर ती म्हणायची, "चेडू माका श्वास घेऊक शिकवता हा," आणि तो तिकडे हसून हसून बेजार व्हायचा. ती मात्र फोन ठेवला की पुन्हा पाण्यात.

सगळ्यात अवघड होतं ते शेवटचं. सिलिंडर संपला असं समजायचं आणि छातीत असलेल्या एका श्वासावर नऊ मीटरवरून वर यायचं. वाटेत हवा पसरत जाणार, म्हणून सतत सोडत राहायचं. त्यासाठी शिक्षक सांगतात, सबंध वाटभर 'आ' म्हणा. आवाज चालू आहे म्हणजे गळा उघडा आहे. नूतन 'आ' म्हणत निघायची आणि मध्यावर आवाज बंद पडायचा. सलोनी तिथेच तिचं जॅकेट धरून ठेवायची, नजरेला नजर लावून मान हलवायची, आणि दोघी सिलिंडरवर पुन्हा श्वास घेत खाली. असं कितीदा झालं त्याची गणती कुणी ठेवली नाही.

एका दुपारी दोघी धक्क्यावर पाय सोडून बसल्या होत्या. नूतन पार थकली होती. म्हणाली, "मेला 'आ' म्हणान काय होता? डॉक्टराक जीभ दाखवल्यासारखा वाटता. मधीच वाटता, बोंबलतंय कित्याक मी? आणि गळो मिटता."

खाडीपलीकडून कुणी बाई आपल्या पोराला जेवायला हाक मारत होती. कोकणात अशा हाकेला कुकारा म्हणतात. लांबलचक, उंच जाणारी हाक. ती घालणारीचा श्वास संपेपर्यंत संपत नाही आणि पाणी ओलांडून नेमक्या पोराच्या कानात जाते. "गणोऽऽऽ!"

नूतन ताठ बसली.

"सलो, मी तुका कुकारो घालताना कधी गळो मिटलंय?"

सलोनी आईकडे बघत राहिली. लहानपणी त्या कुकाऱ्यानं तिला खेळातून, भांडणातून, एकदा तर दुसऱ्या वाडीतल्या लग्नाच्या पंगतीतून उठवून आणलं होतं. "कधीच नाय," ती म्हणाली. "अर्ध्या गावाक आयकाक जाय."

"चल, ऊठ."

त्या दिवशी नूतन साडेचार मीटरवरून न अडखळता वर आली. दुसऱ्या दिवशी सहा. मग आठ.

परीक्षेच्या सकाळी समुद्र निवळ होता. सलोनीनं विचारलं, "सखी काढून ठेवूया? नियमात बसता. ती तुका उगाच त्रास देतली."

"नको. ऱ्हवांदे." नूतननं मास्कचा पट्टा घट्ट केला. "तिका बुडी व्हयी होती ना आमची? बघूंदे. शिकूंदे तीय. संचिताक तिनाच मारल्यान असता."

खाली नऊ मीटरवर वाळू गुडघ्यांना गार लागत होती. आतापर्यंतचं सगळं नीट झालं होतं: मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढलं, तोंडातून सुटलेली श्वासाची नळी शोधून परत घातली, सलोनीच्या नळीवर श्वास घेतला. बुडबुड्यांची माळ कुठेच तुटली नव्हती. पण सतत श्वास घ्यायचा म्हणजे आपण घाबरलो आहोत हेही सतत कळायचं. पूर्वी श्वास मिटला की भीतीही मिटायची. आता हृदय धडधडत होतं, आणि सखी कानामागे बडबडत होती: "नूतनताई, आपल्या हृदयाचे ठोके वाढले आहेत. आपण घाबरला आहात. थांबू या का?"

सलोनीनं आईचं जॅकेट धरलं. डोळे डोळ्यांना भिडवले आणि वर बोट केलं.

नूतननं एक श्वास घेतला, मान वर केली आणि पाय मारले. नळी दातांत असताना शब्द नीट फुटत नाहीत, पण कुकाऱ्याला शब्द लागतातच असं नाही. "सऽऽ लोऽऽऽऽ" पाण्यात निघालं. बुडबुडे त्यांच्याभोवती उसळले. सहा मीटरवर छाती भरून आली, जुनी सवय गळ्याशी येऊन बसली. मीट, मीट, एवढं अंतर तुला काहीच नाही. नूतनला खडकावर बसलेली सलो दिसली. फ्रॉकातली, गाल फुगवून श्वास धरलेली, पाण्याकडे बघणारी. इतकी वर्षं ते पोर काठावर बसून होतं आणि हिनं त्याला खालून कधी एक हाक दिली नव्हती. तिनं हाक सोडली नाही. उलट चढवली. हवा संपतच नव्हती. जसजशी ती वर येत होती तसतशी छातीतली हवा पसरत होती आणि कुकारा लांबत होता. घरासमोर उभी राहून तिनं जन्मात एवढा लांब घातला नव्हता. "ओऽऽऽऽऽ" करत तिचं डोकं पाण्याबाहेर आलं, नळी तोंडातून गळली, आणि उरलेली हाक देवखोल बंदरावर पसरली. धक्क्यावरच्या दोन बायकांनी सवयीनं मागे वळून पाहिलं.

"परीक्षा संपली," सखी म्हणाली. "एकोणपन्नास गुण. आपण पूर्ण वेळ अतिशय अस्वस्थ होतात. आपल्याला अजून सरावाची गरज आहे."

नूतन धापा टाकत हसत होती. शेजारी सलोनीनं मास्क काढला. तिला पुन्हा चौकशीला तोंड द्यावं लागणार होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मनगटावरचा पडदा पाण्याबाहेर धरून तिनं सखीच्या निकालाखाली आपलं मत नोंदवलं: उत्तीर्ण. ते नोंदवताना तिचं बोट दोनदा चुकलं, कारण तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"गो चेडवा, रडतंस कित्याक? पास झालंय ना मी?"

नूतन तिच्याजवळ सरकली. दोघींची फुगलेली जॅकेटं एकमेकींवर आपटत होती, त्यामुळे धड जवळही घेता येईना. तिनं लेकीच्या गालावरचं खारं पाणी पुसलं, म्हणजे ओल्या हातानं आणखी थोडं लावलं.

"माझो कुकारो आयकाक इलो तुका?"

"इलो, आई," सलोनी म्हणाली. "तळापासून."